गार झाल्यावरचं माप

परीक्षांचे दिवस आले की आमच्या चाकणच्या कंपनीच्या कँटीनमध्ये आवाज कमी होतो. ताथवड्याच्या कॉलेजांतून शिकाऊ म्हणून आलेली पोरं ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवून जेवतात. भाजीचा रस्सा पानावर सांडतो, पोरं तो बोटानं पुसतात आणि तेच बोट चाटून पान उलटतात. मला हे दिवस मनापासून आवडतात. आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी. कुणाचा हंगाम आंब्याचा असतो, कुणाचा लग्नसराईचा. माझा हॉलतिकिटाचा.

परवा माझ्या हाताखालची सायली पोळीचा घास तोंडात तसाच ठेवून वाचत होती. म्हटलं, "कसला पेपर गं?"

"एथिक्स, मॅम. सोप्पा असतो. काहीही लिहा, मार्क मिळतात."

"काहीही म्हणजे?"

"म्हणजे यात बरोबर उत्तर नसतंच ना. गणितासारखं थोडंच आहे? चांगलं-वाईट ज्याचं त्याचं." आणि तिनं भाजीतली मिरची काढून ताटाच्या कडेला ठेवली, जणू मिरची आणि चांगुलपणा एकाच मापाच्या आवडीनिवडी.

मला बोलायचं होतं, पण भोंगा झाला. जेवणाच्या सुट्टीत न मावणारी गोष्ट होती ती. म्हणून लिहायला बसले.

आठ-नऊ वर्षांपूर्वीचा उन्हाळा. मी भोसरीच्या एका शेडमध्ये तपासनीस होते आणि बाहेरून बी.ए. करत होते. विषय तत्त्वज्ञान. का घेतलं, तर रविवार सकाळच्या बॅचला तेवढ्याच विषयाची जागा शिल्लक होती. खोटं कशाला सांगू? पण पहिल्याच महिन्यात मी त्या विषयाच्या नादाला लागले. चिंचवडच्या एका शाळेच्या वर्गात, लहान पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून आम्ही बसायचो. एक नर्स, एक सोसायटीचे वॉचमन, दोन गृहिणी आणि मी. सर विचारायचे, "तुम्ही एखाद्या कृत्याला वाईट म्हणता, तेव्हा जगाबद्दल काही सांगता की स्वतःबद्दल?"

वॉचमनकाका हात वर करायचे. "सर, हे पाच मार्कांना आलं तर किती ओळी लिहायच्या?"

वर्ग हसायचा, सरही हसायचे, पण तो प्रश्न माझ्याबरोबर बसमध्ये चढायचा. मोशीला उतरून घरी जाईपर्यंत माझ्याशी भांडायचा. गाइडमध्ये त्याला नाव होतं, अधिनीतिशास्त्र. काय चांगलं आणि काय वाईट, हे झालं नीतिशास्त्र. 'वाईट' म्हणतो तेव्हा आपण नक्की काय करतो, हे झालं अधिनीतिशास्त्र. कुणी म्हणतं, वाईटपणा जगात खराच असतो, दगड असावा तसा. कुणी म्हणतं, 'चोरी वाईट' म्हणजे नुसतं 'चोरी, शी!' एवढंच. नाक मुरडणं. हा भावनावाद. कुणी म्हणतं, ज्या गावचा जो रिवाज ते तिथलं चांगलं. मी पहाटे पाचला गच्चीवर फेऱ्या मारत हे पाठ करायचे. खाली इंद्रायणीच्या अंगानं थोडा गारवा यायचा, शेजारच्या नव्या इमारतीचे मजूर सिमेंटच्या टाकीवर अंघोळी करायचे, आणि मी त्यांच्या डोक्यावरून 'भावनावाद, भावनावाद' असं पुटपुटत जायचे. एकदा खालून एकानं हात जोडले. त्याला वाटलं मंत्र म्हणतेय.

शेडमधला उन्हाळा वेगळा. पत्रा अकरालाच तापायचा. यंत्रावर सोडायच्या कूलंटला आंबूस वास यायचा, तो ओढणीला लागून घरापर्यंत यायचा. आम्ही शाफ्ट बनवायचो, म्हणजे मोटारीत फिरणारे पोलादी दांडे. त्यावर बेअरिंग बसतं. दांड्याच्या जाडीत कमी-जास्त व्हायची मुभा किती, तर डोक्याचा एक केस उभा चिरून सहा भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी. ती मुभा सांभाळणं माझं काम. मायक्रोमीटर माझ्या हातात, सही माझी. बारावी झालेली पोरगी सही करते याचं शेडमध्ये काहींना हसू यायचं. मला अभिमान वाटायचा, आजही वाटतो.

या धंद्यातला एक साधा नियम आहे. पोलाद तापलं की फुगतं. यंत्रावरून नुकती उतरलेली शाफ्ट मापायची नाही. ती एसीच्या खोलीत ठेवायची, तास-दीड तास गार होऊ द्यायची, मग मापायची. जगभर माप वीस डिग्रीला धरतात. गरम दांडा जाड दिसतो, गार झाला की आपल्या खऱ्या मापावर येतो. आणि दुसरा नियम, तो कुठं लिहिलेला नाही: तपासनिसानं "वर जातंय" म्हटलं की यंत्रावरचा माणूस पुढं काही विचारत नाही, यंत्राला दिलेलं माप तेवढं खाली घेतो. त्याला ऑफसेट मारणं म्हणतात. "वर जातंय" हे दोन शब्द म्हणजे हुकूमच.

त्या बुधवारी दुपारी माझा इतिहासाचा पेपर होता. आकुर्डीला पोचायचं होतं आणि घड्याळात साडेबारा. यंत्रावर व्यंकटभाऊ होते. लातूरकडचे, चाळिशीचे, ठेकेदाराकडून आलेले. बोलायला कमी, हाताला पक्के. महिन्यापूर्वीच बायको-लेकीला गावाहून आणलं होतं. लेकीचं नाव जूनमध्ये भोसरीच्या शाळेत घालायचं, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं होतं, तिन्ही वेळा नवीन असल्यासारखं.

मी यंत्रावरून उतरलेली शाफ्ट उचलली. हाताला चटका बसला. बसला, हे मला स्पष्ट आठवतं. तरी तिथंच उभ्या उभ्या मापली.

"वर जातंय," म्हटलं आणि ओढणी सावरत बस पकडायला धावले.

व्यंकटभाऊंनी ऑफसेट मारला. त्यानंतरचा दिवसभराचा माल मुभेच्या खाली गेला. तपासणीच्या कागदावर माझी सही मी आधीच ठोकून ठेवली होती. गुरुवारी भोसरीत वीज बंद, म्हणून शेडला सुट्टी. शुक्रवारी माल चाकणच्या गिऱ्हाइकाकडे गेला आणि शनिवारी सगळाच्या सगळा परत आला. बेअरिंग सैल बसत होतं.

शेडचे मालक तात्या. भोसरीचे जुने शेतकरी. जिथं त्यांच्या वडलांचा ज्वारीचा तुकडा होता तिथंच आता शेड. माणूस वाईट नाही, पण शनिवारी त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. दोघांना समोर उभं केलं.

"ऑफसेट कुणी मारला?"

"मी," व्यंकटभाऊ म्हणाले. "म्याडम म्हनल्या वर जातंय, म्हणून."

तात्या माझ्याकडं वळले. "तू सांगितलं व्हय त्याला ऑफसेट माराया?"

आणि मी म्हणाले, "मी माप सांगितलं, तात्या. ऑफसेट मारायला नाही सांगितलं."

बस. एवढंच वाक्य. व्यंकटभाऊ माझ्याकडं बघत राहिले. तात्यांनाही शेडचा रिवाज ठाऊक होता. "वर जातंय"चा अर्थ त्यांना मी सांगायची गरज नव्हती. पण त्यांना गिऱ्हाइकाला कळवायला एक नाव हवं होतं आणि मी ते त्यांच्या हातात दिलं. ठेकेदाराला फोन गेला. व्यंकटभाऊंचं गेट बंद. संध्याकाळी चाकणला जे उत्तर गेलं त्यात लिहिलं होतं, चूक ऑपरेटरची, ऑपरेटर काढला आहे.

माझ्या वाक्यात खोटं काय होतं, सांगा. मी त्या रात्रीपर्यंत ते उलटंपालटं करून पाहिलं. माप सांगितलं, हे खरं. ऑफसेट मारायला सांगितलं नाही, हेही अक्षरशः खरं. वाक्य तपासणीच्या टेबलावर ठेवलं असतं तर पास झालं असतं. घडलेल्या गोष्टींची यादी करा: शाफ्ट, चटका, दोन शब्द, बस. या यादीत 'वाईट' नावाची वस्तू कुठंच नाही. मग ते आलं कुठून? सरांचा प्रश्न पुस्तकातून उठून माझ्या घरी जेवायला बसला होता.

पप्पांनी ओळखलं. पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं घालवलेला माणूस, त्यांना तोंडावरून शिफ्ट कशी गेली ते कळतं. रविवारी सकाळी ते विहारात जायला निघाले होते, पांढरा सदरा घालून. म्हणाले, "काय झालं?" मी सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "पण खोटं नाही बोलले मी."

"मग तोंड का असं उतरलंय?"

"पप्पा, वाईट वाटतं ही नुसती भावना असते, असं पण एक मत आहे."

"असंल." ते चपला घालत होते. "आपण दर रविवारी ती पाच शीलं म्हणतो. त्यात कुणी आपल्याला 'करू नको' म्हणतंय का? वरून हुकूम आहे का कुणाचा?"

"नाही."

"आपणच म्हणतो, खोट्यापासून मी दूर राहीन. आपल्या तोंडानं."

"पण कोण बघतंय आपण राहतो का ते?"

"कुणीच नाही," पप्पा म्हणाले. "म्हणून तर सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायचं." आणि गेले. मला चल म्हणाले नाहीत, थांबही म्हणाले नाहीत.

सोमवारी नीतिशास्त्राचा पेपर. त्या वर्गात पंखा एकच, तोही पर्यवेक्षक बाईंच्या डोक्यावर. घाम कोपरातून उत्तरपत्रिकेवर उतरत होता. तिसरा प्रश्न: नैतिक विधाने ही केवळ भावनांची अभिव्यक्ती असतात, या मताचे परीक्षण करा. गाइडमधलं उत्तर मला तोंडपाठ होतं. चार मुद्दे, दोन आक्षेप, समारोप. लिहायला सुरुवात केली आणि दुसऱ्या मुद्द्यावर पेन थांबलं.

शनिवारी मी तापलेली होते. भीती होती, की माझी सही जाईल. व्यंकटभाऊंचा रागही होता, हो, राग! यांनी माझं नाव घेतलंच कशाला? लाज होती. सोमवारपर्यंत यातलं बरंचसं उतरलं होतं. राग पार गेला होता. भीती निम्म्यावर आली होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी पेपरच्या धांदलीत मला वाईटसुद्धा वाटत नव्हतं. आणि तरी, ते वाक्य चुकीचं होतं ते होतंच. तेवढंच. एक मायक्रॉन कमी झालं नव्हतं.

मग 'वाईट' म्हणजे नुसती भावना कशी? भावना ही शाफ्टची उष्णता. ती असते, तिनं माप फुगतं, माणूस फसतो. पण उष्णता म्हणजे शाफ्ट नव्हे. ती निघून गेल्यावर हातात जे उरतं ते कशाचं माप आहे, हे भावनावाल्यांनी सांगावं. आणि रिवाजवाल्यांना मी लिहिलं, की वीस डिग्री माणसांनीच ठरवलं हे मान्य, मुभा माणसांनीच ठरवली हेही मान्य. आभाळातून कुणी टाकली नाही. पण ती ठरवली कशासाठी? चाक फिरावं म्हणून. एकदा दांडा बेअरिंगमध्ये गेला की तो खडखडतो किंवा खडखडत नाही, तिथं तुमच्या-माझ्या मताला कुणी विचारत नाही. माणसांनी एकमेकांबरोबर राहायचे नियमही माणसांनीच केले. म्हणून ते सायलीच्या मिरचीसारखे आवडीनिवडीचे होत नाहीत.

"पुरवणी हवीय का?" बाईंनी विचारलं.

"द्या," म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी गाइड सोडून लिहीत होते.

पेपर सुटला तेव्हा पाच वाजले होते. आकुर्डीहून थेट भोसरी. व्यंकटभाऊंची खोली एका तीन मजली चाळवजा इमारतीत, जिन्यात सायकली आणि पाण्याचे पिंप. दारात त्यांची लेक नव्या पाटीवर रेघोट्या ओढत होती. आत ट्रंक उघडी, त्यात घड्या घातलेले कपडे. गावी परत जायची तयारी. काकूंनी सतरंजी टाकली, चहा ठेवला. मी चहाच्या आधीच बोलून टाकलं. गरम शाफ्ट मापली ते, आणि तात्यांसमोर बोलले ते.

"आता सांगायलाव तुमी," व्यंकटभाऊ म्हणाले.

"माझं चुकलं, व्यंकटभाऊ. मला फार वाईट वाटतंय."

"वाटंल की. वाटनारच." आवाज चढला नव्हता. "ते तुमचं तुमी बघा, ताई. तुमाला वाईट वाटलं म्हणून माझं काय निघालं? माझ्या नावावर जे लागलंय त्याचं बोला."

"मी उद्या तात्यांना सांगते. ते परत घेतील तुम्हाला."

"घेतील. तात्याला मानूस लागतोय. पर चाकनला कागद गेलाय ना, यानं माल घालवला म्हणून? ठेकेदार तेच सांगतोय सगळ्या शेडांत. उद्या हितून सुटलो की दुसरीकडं कोन उभं करंल? कागद बदला."

काकू मधेच म्हणाल्या, "चहा घ्या आधी. पोरगी उन्हातून आली." त्यावर त्यांनी कप माझ्यापुढं सरकवला, पण माझ्याकडं बघायचं सोडलं नाही.

परीक्षेत मी भावनावादाला उत्तर दिलं असं समजत होते. खरं उत्तर या माणसानं दिलं, तेही सतरंजीवर बसून, एका वाक्यात. मी माझा पश्चात्ताप घेऊन गेले होते, जसा कुणी पेढ्यांचा पुडा नेतो. त्यांनी तो घेतलाच नाही. सर विचारायचे, 'वाईट' म्हणताना तुम्ही जगाबद्दल बोलता की स्वतःबद्दल? माझं त्या दिवसापासूनचं उत्तर: मी व्यंकट नावाच्या माणसाबद्दल बोलते. वाईट माझ्या छातीत धडधडत नव्हतं. ते त्यांच्या नावावर लागलं होतं, तारखेसकट, आणि तिथून ते खरडून काढावं लागणार होतं.

मंगळवारी सकाळी तात्या शेडमध्ये यायच्या आधी मी दारात उभी.

"तात्या, शाफ्ट मी गरमच मापली. वर जातंय म्हटलं. म्हणून त्यांनी ऑफसेट मारला."

तात्यांनी कुलूप काढलं, शटर वर सारलं, मग बोलले. "मंग त्या दिशी का न्हाई बोललीस?"

"भ्याले."

"आन आता भेत न्हाईस?"

"भितेच आहे."

ते हसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "व्यंकटला बोलावून घेतो आजच. झालं, मिटलं. कामाचा गडी हाय."

"आणि कागद?"

"कागदाचं काय घिऊन बसलीस? मानूस परत आला की झालं. सगळ्यांचं चांगलं झालं ना? आता कागद बदलाया जाशील तर गिऱ्हाईक तुजं नाव इचारंल. म्हनंल, हिला टेबलावरून काढा. मला काढावं लागंल, आधीच सांगतो. तुजी परीक्षा, तुजी बढती, समदं पान्यात."

तात्यांचं म्हणणं सोपं नव्हतं. तेही एक मत आहेच, त्यालाही पुस्तकात नाव आहे: ज्यातून सगळ्यांचं भलं होतं ते बरोबर. पण सगळ्यांचं म्हणताना तात्या मोजत होते ते शेडमधले. चाकणच्या फायलीत पडलेलं व्यंकटभाऊंचं नाव त्या मोजणीत नव्हतं.

मी टेबलाशी बसले आणि लिहिलं. मापन तपासनिसाकडून, गरम अवस्थेत, नियम मोडून. ऑपरेटरने तपासनिसाच्या सांगण्यावरून बदल केला. त्याचा दोष नाही. खाली त्यांचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. मग माझं. तात्यांनी वाचलं, मान हलवत राहिले, पण शिक्का मारला. एक प्रत चाकणला आणि एक ठेकेदाराला गेली.

तात्या म्हणाले तेच झालं. मला टेबलावरून काढलं. सहा महिने मी पॅकिंगला होते, शाफ्टना तेल लावून कागदात गुंडाळत. सही दुसऱ्याची. निकाल आला, दुसरा वर्ग. नीतिशास्त्रात इतर विषयांहून कमी गुण. माझी पुरवणी तपासणाऱ्याला पटली नसावी. ते ठीक आहे. मला पटली होती आणि अजून पटते. सायलीला मी एवढंच सांगेन, की त्या पेपरात बरोबर उत्तर असतं. ते कधी कधी तपासणाऱ्याकडं नसतं, एवढंच.

पण त्या मंगळवारचं सांगायचं राहिलं. दुपारी व्यंकटभाऊ आले. डबा खुंटीला लावला, यंत्र पुसलं. मी कागदाची तिसरी प्रत घेऊन गेले. त्यांनी हात पुसून ती धरली आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचली. स्वतःच्या नावापाशी बोट जरा थांबलं. मग कागद उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली.

"हे तिकडं गेलं?"

"गेलं."

"ठेकेदाराला?"

"त्यांनाही."

त्यांनी चार घड्या घालून कागद खिशात ठेवला, वरून खिसा दाबला, आणि यंत्राकडं वळले. मी तिथंच उभी. काहीतरी बोलतील असं वाटत होतं, जाऊ द्या म्हणतील, निदान बरं झालं म्हणतील. पहिला दांडा चढवून त्यांनी मान वर केली.

"सरका जरा, म्याडम. उजेड आडवायलाव."

मी सरकले.